पाठराखिणीची पाठराखण : स्तन्यपान आधारगटातील नव्या प्रमुखांची घडण

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तन्यनाशाची कारणे सांगताना क्रोध, शोक व अवात्सल्य यांचा निर्देश केला आहे. तेथेच पुढे स्तन्यवृद्धीसाठी जव, गहू, साळी, साठेसाळी, विदारीकंद, ज्येष्ठमध, शतावरी अशी द्रव्यांची यादी येते. परंतु त्या यादीच्याही आधी आचार्य एक अट घालतात. मातेच्या ठिकाणी प्रथम सौमनस्य उत्पन्न करावे आणि मग ही द्रव्ये योजावीत, असा तो क्रम आहे. आपण वैद्य मंडळी यादी पाठ करतो आणि अट विसरतो. शतावरी कल्पाचा डबा कोणत्याही औषधी दुकानात मिळतो. सौमनस्य मात्र माणसानेच माणसाला द्यावे लागते, आणि ते देणारे माणूस घडवावे लागते. ही घडण कशी होते, तीत आमच्या हातून काय चुकले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे वैद्यबंधुभगिनींसमोर ठेवावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

आधारगटाची आवश्यकता

पूर्वी बाळंतिणीभोवती आई, आजी, आत्या, सुईण व बाळाला न्हाऊ घालणारी बाई असा स्त्रियांचा वेढा असे. त्या व्यवस्थेत दोष नव्हते असे नाही. चीक पिळून टाकणे, पहिले तीन दिवस साखरपाणी वा मध चाटवणे, हे त्याच वेढ्यातून चालत आले. तथापि, बाळ अंगावर घेताना खांद्यामागे कोणी तरी बसलेले असे, ही मोठी गोष्ट होती. आज प्रसूती रुग्णालयात होते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी पाठवणी होते आणि नेमक्या दूध भरून येण्याच्या दिवसांत ती पोर एकटी पडते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होतात. परंतु जन्मानंतर तासाभराच्या आत स्तन्यपान मिळालेली बालके ४१.८ टक्केच आहेत, आणि सहा महिन्यांखालील बालकांत केवळ मातेच्या दुधावर असणारी ६३.७ टक्के. इमारत मिळाली, पण वेढा गेला, असा या आकड्यांचा आम्ही अर्थ लावतो.

मातांनीच मातांना आधार द्यावा ही कल्पना संघटित रूपात प्रथम अमेरिकेत रुजली. १९५६ साली शिकागोजवळील फ्रँकलिन पार्क येथे सात मातांनी एकत्र येऊन ‘ला लेचे लीग’ची स्थापना केली. गटाची प्रमुख होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीने स्वतः स्तन्यपान दिलेले असावे आणि अनुभवी प्रमुखेच्या सहवासात तयारी करावी, ही रीत तेथे पडली. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी यशस्वी स्तन्यपानासाठी दहा पायऱ्या सांगितल्या. त्यांतील दहावी पायरी अशी की, आधारगट स्थापन होण्यास उत्तेजन द्यावे आणि रुग्णालयातून घरी जाणाऱ्या मातेस त्यांची वाट दाखवावी. आपल्याकडे स्तन्यपानाच्या पुरस्कारासाठी काम करणारे ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ हे जाळे ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्धा येथे स्थापन झाले, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट होय.

आमच्या कऱ्हाड परिसरातील गट अगदी लहान. २०१२ च्या ऑगस्टमधील जागतिक स्तन्यपान सप्ताहात एक व्याख्यान दिले, त्यानंतर चार स्त्रिया खुर्च्या उचलण्यासाठी थांबल्या, आणि त्या चौघींचाच गट झाला. दर पंधरवड्याला एका जुन्या वाड्याच्या सोप्यात बैठक भरे. पुढे ध्यानात आले की, ज्या मातेला आधाराची सर्वाधिक निकड आहे ती बैठकीला येऊच शकत नाही, कारण सव्वा महिना ती उंबरठा ओलांडत नाही. मग गटातील स्त्रिया घरोघर जाऊ लागल्या. लग्नानंतर नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते, तशी ही बाळंतिणीची पाठराखीण. येथवर सर्व छान होते. परंतु पाठराखिणीची पाठराखण कोणी करायची, हा प्रश्न आमच्या मनात उद्भवलाच नव्हता.

एक चूक

२०१५ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. गटात साड्यांना फॉल-पिको करून देणारी एक तरुणी आली होती. दोन मुलांची आई, बोलण्यात चतुर, स्वभावाने लाघवी. स्तन्यपानाचे फायदे ती आमच्याहूनही रसाळपणे सांगे. तीन महिन्यांत आम्ही तिला स्वतंत्रपणे घरभेटी करण्यास सांगितले.

जवळच्या खेड्यात शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली एक मुलगी माहेरी आली होती. आमची कार्यकर्ती सातव्या दिवशी तिच्याकडे गेली. बाळ झोपाळू होते. ‘किती शहाणं लेकरू, रडतच नाही,’ असे घरची मंडळी कौतुकाने सांगत होती. आजी वरचे दूध द्यावे म्हणत होती. कार्यकर्तीने आजीची समजूत घातली, बाळ छातीशी कसे धरावे ते दाखवले, मातेला धीर दिला आणि ती परतली. दिवसातून किती लंगोट ओले होतात, एवढे मात्र तिने विचारले नाही.

नवव्या दिवशी आशा ताईंनी बाळ पाहिले. ओठ सुकलेले, अंग ढिले, लंगोटावर विटकरी डाग. जन्मताना २.९ किलो असलेले बाळ २.४५ किलोवर आले होते. बाळाला तातडीने रुग्णालयात हलवण्यात आले. पाच दिवसांच्या उपचारांनी ते सावरले आणि पुढे मातेच्या दुधावरच वाढले. परंतु आमची कार्यकर्ती गटात येईनाशी झाली. तिने निरोप धाडला, ‘मॅडम, माझ्यामुळं लेकराचं बरंवाईट झालं असतं. हे काम माझं न्हवं.’

प्रामाणिकपणे सांगायचे तर आमचा पहिला विचारही तोच होता की, चूक तिची. मग आम्ही आमची बैठकीची वही उघडली. तीन महिन्यांत तिला शिकवलेल्या गोष्टींची नोंद तीत होती. स्तन्यपानाच्या लाभांवर पानेच्या पाने होती. ‘हे आपले काम नव्हे, येथून पुढे डॉक्टरांकडे’ असे सांगणारी एक ओळही नव्हती. आणखी एक गोष्ट दुसऱ्या कार्यकर्तीने संकोचत सांगितली. त्या भेटीनंतर बाळ फार झोपते ही रुखरुख तिला लागली होती. आम्हांस दूरध्वनी करावा असेही तिला वाटले होते. परंतु महिनाभरापूर्वी ओपीडीच्या वेळेत आलेल्या एका दूरध्वनीवर आम्ही ‘एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी?’ असे म्हटले होते, ते तिने ऐकले होते. म्हणून ती गप्प राहिली.

क्रोधाने स्तन्याचा नाश होतो हे आम्ही व्याख्यानात सांगत होतो. आमच्या एका तिरसट वाक्याने एका कार्यकर्तीचे तोंड बंद झाले आणि त्याची किंमत एका अर्भकाने मोजली, हे आम्हांस वही मिटताना उमगले. त्यानंतर गटाची शिकवण्याची रीत आम्ही मुळापासून बदलली. ती येथे क्रमाने देत आहोत.

घडणीची रीत

पहिली गोष्ट निवडीची. जिला छान बोलता येते तिला पूर्वी आम्ही पुढे करीत असू. आता जिला थांबून ऐकता येते तिला विचारतो. जिचे सर्व सुरळीत पार पडले तिच्यापेक्षा जिला चिरांचा, गाठींचा, ‘दूध नाही’ या टोमण्यांचा अनुभव आहे, तिचा धीर अधिक उपयोगी पडतो. मात्र स्वतःची कथा सांगण्याची घाई तिने आवरली पाहिजे. समोरच्या मातेची कथा पुरी झाल्याशिवाय आपली कथा काढावयाची नाही, हा नियम.

दुसरी गोष्ट मौनाची. नवी कार्यकर्ती पहिल्या तीन बैठकांत व तीन घरभेटींत केवळ ऐकते. परतताना आम्ही तिला एकच विचारतो, ‘आज त्या आईने काय सांगितले?’ आरंभी ती स्वतःचे मत सांगते. हळूहळू मातेचे शब्द सांगू लागते. तो दिवस आला की, ही आता तयार होत आहे असे आम्ही समजतो.

तिसरी गोष्ट शब्दांची. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९३ साली स्तन्यपान समुपदेशनाचा चाळीस तासांचा अभ्यासक्रम सिद्ध केला. त्यात ‘नीट’, ‘पुरेसे’, ‘बरोबर’ अशा निवाडा करणाऱ्या शब्दांविषयी सावध केले आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शिरताच पहिला प्रश्न असतो, ‘बाळ नीट पितंय का?’ याला ‘हो’ म्हणावे तर बोलणे संपते आणि ‘नाही’ म्हणावे तर ती अपराधी ठरते. त्याऐवजी ‘कालपासून बाळाचं कसं कसं चाललंय, सांग बरं,’ असे म्हटले की ती बोलू लागते. हा फरक नव्या कार्यकर्त्यांना व्याख्यानाने कळत नाही. दोघींना समोरासमोर बसवून, एकीला बाळंतीण व दुसरीला सासू करून तो करवून घ्यावा लागतो. या खेळात हसू पुष्कळ होते. क्वचित एखादी रडतेही, कारण सासूचे वाक्य तिने स्वतः ऐकलेले असते.

चौथी गोष्ट हातांची. बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी, आणि काळसर भाग खालच्या बाजूपेक्षा वरच्या बाजूस अधिक दिसावा, ही लक्षणे प्रत्येकीला पाठ हवीत. परंतु ती घडवून आणायची मातेच्या हातांनी. कार्यकर्ती कापडी बाहुली आपल्या छातीशी धरून दाखवते. मातेला न विचारता तिच्या अंगाला हात लावत नाही. दुसऱ्याने लावून दिलेले बाळ ती दुसरी गेली की सुटते. मातेने स्वतः लावलेले बाळ रात्री दोन वाजताही लावता येते.

पाचवी गोष्ट सीमेची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक कार्यकर्तीच्या पिशवीत आता एक जाड कागद असतो. प्रत्येक भेटीत त्यातील प्रश्न विचारल्याखेरीज उठावयाचे नाही. बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते का? पाचव्या दिवसानंतर निदान सहा लंगोट ओले होतात का? लघवीचा विटकरी डाग तिसऱ्या दिवसानंतरही दिसतो का? पिण्यासाठी उठवूनही बाळ उठत नाही, अंग ढिले लागते, ताप आहे वा अंग गार पडले आहे, कावीळ हातापायांच्या तळव्यांपर्यंत उतरली आहे, असे काही आहे का? पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर येते. परंतु घट दहा टक्क्यांच्या घरात गेली की थांबावयाचे नाही. मातेकडे पाहताना ताप, स्तनावर लाल व दुखरा भाग, अतिरक्तस्राव, आणि ‘मला हे बाळ नको वाटते’, ‘जगू नये असे वाटते’ यांसारखे उद्गार, यांची नोंद घ्यावयाची. यांपैकी काहीही आढळले तर उपदेश बंद. त्याच दिवशी बाळाला वा मातेला डॉक्टरांकडे पोहोचवायचे. न रडणारे बाळ शहाणे समजायचे नाही, हे वाक्य त्या कागदाच्या शिरोभागी आहे.

सहावी गोष्ट जोडीची. पहिले सहा महिने कोणीही एकटी जात नाही. आणि सातवी दूरध्वनीची. ‘क्षुल्लक’ हा शब्द आम्ही गटातून हद्दपार केला आहे. नव्या कार्यकर्तीने पहिल्या महिन्यात किमान चार वेळा आम्हांस वा तिच्या ज्येष्ठ जोडीदारणीस दूरध्वनी केलाच पाहिजे, काही अडचण नसली तरी. अडचण नसताना बोलण्याची सवय असेल तरच अडचणीत हात दूरध्वनीकडे जातो.

आठवी गोष्ट बैठकीनंतरच्या बैठकीची. माता निघून गेल्यावर पंधरा मिनिटे आम्ही थांबतो. नवी कार्यकर्ती प्रथम स्वतःला काय साधले ते सांगते, मग काय अडले ते सांगते, आणि शेवटी आम्ही बोलतो. चूक चारचौघींत दाखवावयाची नाही. एखाद्या मातेने सर्व प्रयत्नांनंतर वा वैद्यकीय कारणाने वरचे दूध सुरू केले तर नव्या कार्यकर्तीला तो स्वतःचा पराभव वाटतो. अशा वेळी तिला सांगावे लागते की आपण दुधाची नव्हे, मातेची पाठराखीण आहोत. ती माता पुढच्या बैठकीस बाटलीसह आली तरी तिची जागा सोप्यात तशीच आहे.

वैद्यांसाठी तीन पथ्ये

गटाला वैद्य लाभला तर उपकार होतो आणि अपायही होऊ शकतो. म्हणून काही पथ्ये आम्ही स्वतःस लावून घेतली आहेत.

एक म्हणजे शास्त्रवचन व कार्यकर्तीचा संदेश यांत विरोध दिसता कामा नये. जातकर्मात मध-तूप सांगितले आहे. चरकाचार्य त्याच दिवशी, त्यानंतर प्रथम उजवा स्तन पाजण्यास सांगतात. सुश्रुताचार्यांच्या मते मात्र तीन-चार रात्रींनंतर स्तन्य प्रवर्तते. म्हणजे आचार्यांतही एकवाक्यता नाही. चीक पहिल्या क्षणापासून असतो व तो बाळास अत्यंत हितकर आहे हे आज निर्विवाद आहे. मधातील विशिष्ट जंतूंच्या बीजांमुळे वर्षाखालील बालकास गंभीर विकार होऊ शकतो, हेही सिद्ध आहे. तेव्हा पहिल्या तासात स्तन्य, सहा महिने केवळ स्तन्य आणि वर्षभर मध नाही, हेच आमच्या गटाचे सांगणे. सुवर्णप्राशन व गुटीविषयी माता विचारतात. सहा महिन्यांच्या आत नको, असेच उत्तर आमची कार्यकर्ती देते. काही वैद्यबंधूंना हे रुचणार नाही, याची जाणीव आहे. परंतु फॉल-पिको करणाऱ्या त्या मुलीला एका बाजूस आम्ही आणि दुसऱ्या बाजूस आशा ताई, अशा ओढाताणीत उभे करणे अन्यायाचे होईल.

दुसरे पथ्य औषधाचे. चरकाचार्यांनी स्तन्यजनन व स्तन्यशोधन अशी दोन दशेमानी दिली आहेत, त्यांचा योग्य जागी उपयोग आम्ही चिकित्सालयात अवश्य करतो. गटाच्या बैठकीत मात्र औषधाचे नाव निघत नाही. ‘दूध कमी’ म्हणून येणाऱ्या अनेक मातांत बाळाची पकड व पाजण्याची वारंवारता एवढेच सुधारावे लागते. चूर्णाची पुडी आधी हाती पडली की, आपल्याच शरीरावरचा तिचा विश्वास उणावतो. एकदा आमच्या चिकित्सालयातील मातेस आम्ही शतावरी लिहून देत असताना, सोबत आलेल्या कार्यकर्तीने हळूच म्हटले, ‘मॅडम, आधी एकदा पाजताना बघता का?’ आम्ही पाहिले. बाळ केवळ टोक चोखत होते. लिहिलेला कागद आम्ही फाडला. शिष्येने गुरूला टोकावे एवढी मोकळीक गटात आली, याचा आनंद त्या दिवशी काही वेगळाच होता.

तिसरे पथ्य पैशाचे. अर्भकांचे दुग्धपर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार यांविषयीचा कायदा १९९२ साली झाला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. त्यानुसार अशा उत्पादकांनी आरोग्यसेवकांना वा त्यांच्या संघटनांना परिषदा, चर्चासत्रे, अभ्यासक्रम यांसाठी अर्थसाहाय्य देणे निषिद्ध आहे. आपली संघटनाही यातून सुटत नाही. गटाच्या चहाचा खर्च आम्ही वर्गणीतून करतो, आणि तो फार नाही.

परतणे

आता त्या तरुणीविषयी. तिचे मन वळवण्यासाठी आम्ही गेलो नाही. एका दुपारी साडीला फॉल लावून घेण्यास गेलो आणि तिच्या यंत्राशेजारी बसलो. बऱ्याच वेळाने आम्ही म्हटले, ‘चूक तुझी नव्हती. तुला विचारायला शिकवलं नाही, आणि विचारावंसं वाटलं तेव्हा तुझी वाट आम्हीच अडवली.’ ती काही बोलली नाही. पुढच्या दोन बैठकांना आली नाही. तिसरीला आली आणि दाराजवळ बसली. वर्षभर ती जोडीतील दुसरी म्हणूनच जात राहिली. पिशवीतल्या कागदावरील प्रश्नांचा क्रम तिनेच लावून दिला, आणि ‘न रडणारे बाळ’ हे वाक्यही तिचेच.

गटात नवी कार्यकर्ती आली की, आता पहिली घरभेट तिच्याबरोबर होते. वाटेत ती २०१५ ची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते, काही न लपवता. आम्ही सांगितली असती तर ती ताकीद ठरली असती. तिच्या तोंडून ती ऐकताना नवी मुलगी समजते की, येथे चुकलेल्या माणसालाही जागा आहे, आणि म्हणून चूक होण्याआधी विचारण्यासही जागा आहे.

वैद्यबंधुभगिनींनो, आपल्या चिकित्सालयाभोवती अशा दोन-चार स्त्रिया निश्चित असतील. त्यांना ग्रंथातील द्रव्ये शिकवण्याची घाई करू नये. आधी त्यांच्याशेजारी बसावे, त्यांचा दूरध्वनी उचलावा आणि बैठक संपल्यावर पंधरा मिनिटे थांबावे. मातेच्या ठिकाणी सौमनस्य उत्पन्न करणारीच्या ठिकाणी ते प्रथम कोणी तरी उत्पन्न करावे लागते. ते काम आपले आहे.